राणीच्या कुंडाची मोजणी

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. गेल्या खेपेला फोनवर मी विचारलं, तब्येत कशी आहे, तर तू म्हणालास, "गुरुवारी." तेव्हा यापुढे पत्रच. कानाचं मशीन कपाटात ठेवून देण्याची ही शिक्षा समज आणि हातात पेन घे.

मी मजेत आहे. या हॉटेलात इतिहास सांगायला एका सीझनपुरती आले होते, आता दुसरा सीझन सुरू आहे. ओहोटी लागली की पाहुण्यांची टोळी घेऊन वाळूवरून खाली जायचं आणि समुद्रातली दगडी भिंत दाखवायची. पाणी उतरलं तरी भिंतीच्या आत कंबरेइतकं निळं पाणी उरतं. त्याला इथे 'राणीचं कुंड' म्हणतात. प्राचीन काळी म्हणे एक राणी दूरदेशाहून जहाजाने इथे स्नानाला यायची. मी ही गोष्ट सांगते, नवी जोडपी पाण्यात उतरून फोटो काढतात आणि मग सगळे नाश्त्याला जातात. हॉटेलच्या टॉवेलवरसुद्धा राणी विणलेली आहे.

मालकीणबाई माझं फार करतात. मागच्या आवारातल्या कामगारांच्या खोलीतून त्यांनी मला स्वतःच्या शेजारच्या खोलीत आणलं. मधे दार आहे, ते उघडंच असतं. त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे, पेपर वाचून दाखवायचा, एवढंच काम. आता सगळ्या किल्ल्याही माझ्याकडे दिल्या आहेत. मला 'मावशी' म्हण, असं सांगितलंय. स्वयंपाकी म्हणतो, ताई, तुम्ही नशीब काढलंत.

आता मुद्द्याचं. आमच्या कॉलेजच्या मॅडम तुझ्या शहरातून बोट घेऊन निघणार आहेत. किनाऱ्यालगत पाण्याखाली गेलेल्या जुन्या भिंतींचा सर्व्हे करायचाय, आणि माझी जागा त्यांनी धरून ठेवली आहे. मी याचसाठी शिकले, हे तुला वेगळं सांगायला नको. मार्च संपायच्या आत हजर व्हायचं, बोट एक एप्रिलला. ही संधी गेली की पुन्हा कोण विचारणार? राहायची सोय मात्र ज्याची त्याने करायची. तुझी मागची खोली मला देशील का? मी तिथे अभ्यास करायचे तेव्हा मामी दारातून चहा सरकवायची, ती.

तुझी,
भिंगरी

* * *

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. मशीन कपाटात नाही, उशाखाली आहे. ते लावलं की सगळं जग भांडी घासत असल्यासारखं ऐकू येतं. तू लिहितेस तेच बरं, आवाज नाही.

मी ठणठणीत. रोज कोपऱ्यापर्यंत फेरी असते. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या डोक्याला बरोबर मधोमध टक्कल पडलंय, चहाच्या बशीएवढं. दुसऱ्यांचे केस कापून कापून स्वतःचे गेले असं मी म्हणतो. पोस्टमनने नवी टोपी घेतली आहे, तिच्या माथ्यावर आत्ताच डाग पडला. बाकी रस्ता होता तसाच.

खोलीचं म्हणशील तर सध्या जरा अडचण आहे. रंगाचं काम काढलंय. वासाने तुझं डोकं उठेल. पुढे बघू.

आता तुझं कुंड. मी उभी हयात जमिनी मोजण्यात घालवली, त्यामुळे राणी वगैरे मला कळत नाही. मला भिंत सांग. आकार कसा? कोपरे आहेत का? उघडी बाजू कुठल्या दिशेला? लहानपणी तुला पावलांनी अंगण मोजायला शिकवलं होतं, विसरली नसशील. त्या पाहुण्यांसमोर डोळे वर करून राणीचं वर्णन करत चाल आणि खाली पावलं टाकून मोज. कुणाच्या बापाला कळणार नाही.

तुझा,
मामा

* * *

२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

मोजलं. राणीच्या दासी कुठे उभ्या राहायच्या ते सांगत सांगत मी भिंतीवरून गेले. एका बाईने विचारलं, दासी किती होत्या? मी पावलं मोजत होते, तोंडातून तोच आकडा गेला. आता राणीला अख्ख्या पलटणीएवढ्या दासी आहेत.

आकार घोड्याच्या नालासारखा. गोल बाजू समुद्राकडे, तिथेच भिंत सर्वांत उंच आणि पाणी खोल. दोन्ही टोकं किनाऱ्याकडे येत येत बुटकी होतात आणि वाळूत जिरतात. म्हणजे जमिनीकडची बाजू उघडीच. भरती आली की सगळी भिंत बुडते, वरून बोट जाईल इतकी. खालचे दगड प्रचंड, काळे. त्यावर मध्यम, त्यावर लहान. एकाच वेळी रचलेले वाटत नाहीत. डाव्या टोकालगत, किनाऱ्याच्या अगदी जवळ एक खिंड आहे. मला वाटायचं भिंत ढासळली असेल, पण खिंडीच्या दोन्ही कडा नीट तासलेल्या आहेत.

आणखी एक. माळ्याने कमळाच्या टाक्यासाठी खणलं तेव्हा हातभर जाडीचा राखेचा थर लागला, आणि त्यात माशांची हाडं. तो म्हणाला, हॉटेलच्या स्वयंपाकघराचा जुना कचरा असेल. तो कचरा हॉटेल बांधण्याच्या दोनेक हजार वर्षं आधीचा आहे, हे मला दिसत होतं. पण मालकीणबाई खुर्चीत बसून बघत होत्या, आणि मी गप्प बसले. मामा, तीच गोष्ट रोज सांगून सांगून माझी मलाच खरी वाटायला लागली आहे. हे शिकलेल्या माणसाचं लक्षण नाही.

बोटीचं त्यांच्याजवळ काढलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, त्या बोटीवर उन्हातान्हात तुझं कोण करणार? मग जेवणात माझ्यासाठी वेगळी ताटली आली. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

रंगाचा वास मला चालेल. तुला चालणार असेल तर कळव.

भिंगरी

* * *

२८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

स्नानाच्या कुंडाला चारही बाजूंनी आडोसा लागतो. तुझी राणी काय अख्ख्या किनाऱ्यासमोर आंघोळ करायची?

मी खात्यात नवा होतो तेव्हा एका खाडीची मोजणी करायला गेलो होतो. तिथे अशीच भिंत होती, आणि वापरात होती. मासे धरायची. भरतीला भिंत बुडते, मासे वरून आत येतात, किनाऱ्याजवळ चरतात. ओहोटी लागली की मासा पाण्याबरोबर खोलाकडे परततो. खोल कुठे? समुद्राकडच्या गोलात. तिथेच भिंत सर्वांत उंच. पाणी उतरतं आणि मासा आतच राहतो. जाळं नाही, गळ नाही. त्याला कुणी धरलेलं नसतं. तिथे पाणी आहे एवढ्यावरच तो खूश असतो. मग लोक टोपल्या घेऊन येतात.

खिंड ही त्या लोकांच्या तराफ्यांची ये-जा करायची वाट. मी तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं होतं, की मासे या वाटेने निसटत नाहीत का? तो हसला. म्हणाला, निसटतील की. पण ती वाट उथळात आहे. पाणी हलायला लागतं तेव्हाच निघालं तर जमतं, थोडा वेळ गेला की ती कोरडी. आणि भ्यालेला मासा उथळाकडे जात नाही.

तीन प्रकारचे दगड म्हणजे पिढ्यानपिढ्या डागडुजी. वादळाने दगड पडले की पुन्हा रचायचे. मला तेव्हा त्या माणसांचीच दया आली. मासे ओहोटीपुरते अडकतात, भिंतवाल्यांना मात्र ती सोडून कुठे जाताच येईना. त्या म्हाताऱ्याने आयुष्यात दुसरं गाव पाहिलं नव्हतं.

रंग झाला, पण आता छत गळतंय. गवंडी मिळत नाही. आमच्या समोरच्या शाळेतली मुलं सुटतात तेव्हा वरून टाचण्यांची डबी सांडल्यासारखी दिसतात. एवढंच. जेवत जा.

मामा

* * *

१० मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचलं आणि हसायला आलं. सगळं डोळ्यांसमोर होतं. रिसेप्शनवर भोक पाडलेले गोल दगड पेपरवेट म्हणून ठेवलेत, ते जाळ्याची वजनं आहेत हेसुद्धा मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. म्हणजे ते लोक जाळीही टाकत होते. कल्पना कर, इथे ताटल्या मांडतात त्याच जागी ते बसून मासे भाजत होते, राख टाकत होते, पोरांना भिंतीवरून पळू नका म्हणून ओरडत होते. राणी कुठे आणि ही माणसं कुठे. मला ती राणीपेक्षा शंभरपट आवडली, आणि त्यांच्याबद्दल मी एक अक्षर बोलू शकत नाही. टॉवेल विणून झालेत.

मामा, मी मॅडमना नकार लिहिला आहे. पाकीट अजून टाकलेलं नाही, पण लिहिलंय. मालकीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये ठरलंय. तारीख त्यांनी मला विचारून घेतली. मी मान हलवली. का हलवली ते मला सांगता येणार नाही. सकाळी उठते, किल्ल्या कमरेला लावते, आणि या घरातलं प्रत्येक कुलूप मला उघडता येत असताना माझा पाय निघत नाही. कुणाला सांगितलं तर हसतील. मधलं दार आता रात्री लावायचं मनात आलं तरी अपराध्यासारखं वाटतं. दम कोंडतो माझा इथे, मामा. आणि मी त्यांच्या उश्या सारख्या करते.

तुझ्यावर रागावलेली नाही. तुला मी नको असेन तर तसंही असू दे. रंग काय आणि छत काय, मी लहान नाही. मामी असती तर छत्री घेऊन झोप म्हणाली असती.

भिंगरी

* * *

११ मार्च

मामा,

काल तुझं पत्र टाकून परत आले. मॅडमचं पाकीट मात्र हातातच राहिलं. मग तुझी पत्रं पुन्हा काढली. रागाने काढली होती, तुझा खोटेपणा पुन्हा वाचावा म्हणून.

न्हाव्याचं टक्कल मधोमध, बशीएवढं. पोस्टमनच्या टोपीच्या माथ्यावर डाग. शाळेतली मुलं वरून टाचण्यांसारखी. तुझं घर बैठं आहे. समोर शाळा नाही, लाकडाची वखार आहे. आणि मामी गेल्यापासून तू कोपऱ्यापर्यंत जातोस, तर न्हावी तुला समोरून दिसायला हवा. त्याला नाक आहे की नाही ते तू एकदाही लिहिलेलं नाहीस.

मोजणी तूच शिकवलीस. सांग, कुठल्या उंचीवर बसून लिहितो आहेस?

भि.

* * *

१८ मार्च

चि. भिंगरीस,

तिसऱ्या मजल्यावर.

दिवाळखोरी जाहीर करायला एवढा वेळ लागला, रागावू नकोस. दसऱ्याला नाही आणि दिवाळीला नाही, साध्या एका मंगळवारी न्हाणीघरात पडलो. खुब्याचं हाड मोडलं. लेकाने, तुझ्या दादाने, मला त्याच्या फ्लॅटवर आणलं. माझं घर भाड्याने दिलंय, मागच्या खोलीत कुणाचं तरी शिवणयंत्र आहे. तुझी पत्रं जुन्या घरीच येतात आणि दादा ती आणून देतो, म्हणून तुला कळलं नाही; या पाकिटावर मात्र फ्लॅटचा पत्ता घातलाय. तुला सांगितलं असतं तर तू सगळं सोडून माझी उशी सारखी करायला आली असतीस. एक उशी तुझ्या गळ्यात आहेच.

इथे लिफ्ट नाही. हाड जुळलंय, डॉक्टर चाला म्हणतात. पण मी दाराकडे वळलो की दादा म्हणतो, "बाबा, पडाल." सूनबाई पायात मोजे घालून देते, इतकी गुणाची आहे. काय तोंडाने भांडायचं? म्हणून गॅलरीत बसतो आणि रस्ता बघतो. हिवाळ्यापासून जमिनीला पाय लागलेला नाही. जमीन मोजणारा माणूस मी. तुला ते म्हाताऱ्याचं आणि माशाचं शहाणपण लिहून पाठवलं ना, ते लिहिताना माझीच मान खाली गेली होती.

आता खोलीचं. मी सूनबाईला काल भीत भीत विचारलं, भिंगरी आली तर काही दिवस राहील का? ती म्हणाली, "विचारायला इतके दिवस का लागले?" बैठकीतला सोफा उलगडतो. तिने तो लगेच उलगडून दाखवला, आणि आता तो मिटत नाहीये. तेव्हा तुला यावंच लागेल, नाहीतर सगळ्यांना भिंतीला चिकटून चालावं लागतंय.

ते पाकीट टाकू नकोस. पाणी हलायला लागलंय.

मामा

* * *

२७ मार्च

प्रिय मामा,

हे तालुक्याच्या बसस्टँडवर, पुढच्या गाडीची वाट बघत लिहिते आहे. बॅग पायांत धरली आहे, अजून कुणी येऊन परत नेईल असं वाटतंय.

काल सकाळी सांगितलं. नाश्त्याच्या टेबलावर, त्या अंड्याचं टरफल काढत होत्या तेव्हा. आधी भिंतीचं बोलले, कारण ते सोपं होतं. म्हटलं, ते कुंड नाही, मासे धरायची भिंत आहे. त्यांनी टरफल काढणं थांबवलं नाही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं. राणी त्यांनीच आणली. माशांच्या भिंतीत कोण फोटो काढतंय?"

मग मी म्हटलं, मावशी, मी उद्या जाते आहे, परत यायचं ठरवून जात नाही. त्यांनी अंड्यावर मीठ घातलं. मला वाटलं रडतील, किंवा ऑपरेशनचं काढतील. तसं झालं असतं तर मी राहिले असते, हे तुला खरं सांगते.

"मीही एका सीझनपुरतीच आले होते," त्या म्हणाल्या. "हिशेब लिहायला."

एवढंच. दिवसभर पुन्हा विषय नाही. मी गावातल्या नर्सला गाठलं, ती रोज येऊन थेंब घालायला तयार झाली. ते मालकीणबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, तिचे हात गार असतात.

आज निघायच्या आधी त्यांच्या खोलीत गेले. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्या आपणहून मान मागे टाकून बसल्या. मी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. ते घातले की थोडा वेळ डोळे मिटून ठेवावे लागतात. मी बाटलीला झाकण लावलं.

डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "आता जा. दार ओढून घे."

मी मधलं दार ओढून घेतलं. मामा, मला आनंद झालेला नाही. चोरी करून पळाल्यासारखं वाटतंय. ओहोटीला भिंत उघडी पडली होती, बस वळली तेव्हा दिसली. नवी जोडपी पाण्यात होती. त्यांना आज कुणी काही सांगितलं नसेल.

उद्या संध्याकाळी पोचते. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते, माझ्या आधी पोचेल. एक अट आहे. मी वर येणार नाही. खाली न्हाव्याच्या दुकानापाशी उभी राहीन. मी बेल वाजवणार नाही, दादाला फोन करणार नाही. तू उतरायचं. पडलास तर मी आहे.

भिंगरी

* * *

२८ मार्च, संध्याकाळ

चि. भिंगरीस,

हे पत्र टपालात टाकणार नाही, हातात देईन.

तुझं पत्र दुपारी आलं. सूनबाईला वाचून दाखवलं. तिने मोजे आणले. मी म्हटलं, मोजे नकोत, बूट. दादा ऑफिसातून यायच्या आत निघालो. ती मागून येते म्हणाली, मी नको म्हटलं. तरी ती वरच्या कठड्याला धरून उभी आहे, मला तिचा पदर दिसतो.

मशीन लावलंय. खालून रस्त्याचा आवाज येतोय, न्हाव्याच्या कात्रीचासुद्धा. मधेच धाप लागली म्हणून जिन्यात बसलो आणि खिशातला कागद काढला. कुठल्या तरी दोन मजल्यांच्या मधे आहे मी. वर जायला पायऱ्या जास्त आहेत की खाली, ते मोजलेलं नाही. जन्मभर मोजण्या केल्या, ही करणार नाही.

भीती वाटतेय. उतरतोय. तिथेच थांब.

मामा